नियमावली सत्तर जणांची, मग मालकांचा पुतण्या कुठे?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक तिशी ओलांडलेल्या आहेत. पुण्यात एका आयटी कंपनीच्या एचआर विभागात काही वर्षं काम केल्यावर घरच्या कारणाने त्या सोलापूरला परतल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात लागल्या. कारखान्यात सत्तरच्या आसपास माणसं आहेत, त्यात बायकाच जास्त. एका मोठ्या खरेदीदाराने ऑर्डरआधी ऑडिट होणार असं कळवलं, तेव्हा मालक म्हणाले, "तेवढं पॉलिसीचं बघून टाका." त्यांनी पुण्याच्या धर्तीवर ६४ पानांची इंग्रजी नियमावली तयार केली आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, हा त्यातला एक नियम. पहिल्याच पगारात कपात झाल्यावर शिलाईच्या दोन लाइनी मशीनवर बसल्या नाहीत. त्यातल्या एकीने विचारलं, "पुतण्यासाहेब अकराला येतात, त्यांचं काय?" मालकांनी कापलेले पैसे परत दिले आणि यांना सुनावलं, "आपल्याकडे घरच्यासारखं आहे, पुण्याचं इथं चालत नाही." शिलाईच्या लाइनी सांभाळणारे मास्तर येता-जाता हसतात. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: पाचवा महिना लागलेल्या एका बाईला "आता घरीच थांब" असं सांगितलं गेलं आहे, आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या समितीच्या अध्यक्ष मालकांच्या पत्नी आहेत. वाचक विचारतात, "इथल्या लोकांना शिस्तच नको आहे का? मी कडक व्हावं, सोडून द्यावं, की सरळ पुण्याला परत जावं?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य मला पुतण्याविषयी विचारणाऱ्या त्या बाईंचं वाटलं. तुम्ही ते उद्धटपणा म्हणून लिहिलंय. खरं तर तुमच्या ६४ पानांची एवढी नेमकी तपासणी ऑडिटरही करणार नाही. नियम काय आहे, तो कुणाला लागतो आणि कुणाला लागत नाही, हे त्यांनी एका वाक्यात मांडलं. ज्या माणसाला शिस्त नको असते तो असा प्रश्न विचारत नाही, तो गुपचूप खाडा करतो.

आणि सोलापूरच्या माणसाला वेळेची सवय नाही असं कुणी म्हटलं तर मला हसू येतं. जुनी मिल १८७७ ची. तिच्या आणि नंतरच्या गिरण्यांच्या भोंग्यावर या गावाच्या कित्येक पिढ्या उठल्या, जेवल्या, झोपल्या. तुमच्या लाइनीवरच्या बऱ्याच जणींचे सासरे नाहीतर आजोबा गिरणीत किंवा मागावर होते. हजेरी, पाळी, खाडा, उचल हे शब्द त्या घरात ऐकत वाढल्या आहेत. त्यामुळे "लोकांना शिस्त नको" हे गृहीतक बाजूला ठेवा आणि तुमच्या लेट मार्ककडे बघा.

हिशेबाला सोपं जावं म्हणून रोज ५२० रुपये धरू. आठ तासांचे ५२०, म्हणजे तासाला ६५. दहा मिनिटं उशीर झाला तर बुडाले अकरा रुपयांच्या आतबाहेर. तीन वेळा झाला तर साडेबत्तीस. तुम्ही कापले २६०. कॉलेजात न गेलेल्या बाईलाही हा फरक कळतो, कारण तिचा महिना अशाच आकड्यांवर चालतो.

हा फरक कायद्यालाही मान्य नाही. गैरहजेरीची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच करता येते, असं १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यापासून चालत आलं आहे आणि नव्या वेतन संहितेतही तसंच आहे. त्यावरचं जे काही कापाल तो दंड झाला. दंडाला वेगळी वाट आहे: कोणत्या चुकीला दंड याची सरकारने मंजूर केलेली यादी आधी लावलेली हवी, त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी, आणि त्या पगारातला एकूण दंड तीन टक्क्यांच्या वर जाता कामा नये. यातलं तुम्ही काहीच केलेलं नव्हतं, त्यामुळे मालकांनी पैसे परत दिले ते बरंच झालं. एखादा सल्लागार आता आठ दिवसांचा पगार कापायची तरतूद दाखवेल. ती दहा किंवा जास्त जणांनी मिळून, सूचना न देता काम सोडण्याबद्दल आहे आणि तिलाही अटी आहेत. या प्रसंगी तिचं नावही काढू नका.

उशीर का होतो हे तुम्ही कुणाला विचारलं होतं का? पत्रात तरी दिसत नाही. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्यात काही वर्षं राहून विसरायला होतं. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घरातली बाई भांडी भरल्याशिवाय निघू शकत नाही, मग तुमची नियमावली ६४ पानांची असो की ६०० पानांची. तुमचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढा आणि प्रत्येक उशिरासमोर ती बाई गावाच्या कोणत्या भागात राहते ते लिहा. बरेच उशीर ठरावीक अंतराने आणि एकाच भागातून येताना दिसतील असा माझा अंदाज आहे. तसं निघालं तर नियम आपोआप सुचतो: पाण्याच्या दिवशी तासभर उशिरा यायचं, संध्याकाळी तासभर जास्त बसायचं, सातच्या आत घरी निघायचं, आणि आदल्या दिवशी मास्तरांना सांगायचं. पगार कापायचा नाही. एरवी दहा मिनिटांची सवलत, त्यापुढे जेवढा वेळ तेवढीच कपात. हा नियम चार ओळींत बसतो आणि तो मोडायला कुणालाही फारसं कारण उरत नाही.

आता मालकांच्या "घरच्यासारखं"कडे येऊ. हे वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. लग्नाला उचल देणं, दवाखान्याला स्वतःची गाडी पाठवणं, दिवाळीला घरी बोलावणं, असं वागणारे कारखानदार सोलापुरात आहेत आणि तुमचे मालक त्यातले असतील. पण घरात कुणाला किती मिळतं हे थोरल्यांच्या मर्जीवर असतं, आणि घरातल्या धाकट्या सुनेला विचारलंत तर "घरच्यासारखं" म्हणजे काय हे ती वेगळंच सांगेल. एकीला मुलीच्या लग्नाला पन्नास हजार उचल मिळते, दुसरीला सासूच्या ऑपरेशनला पाच मिळत नाहीत. मालक वाईट असतात असं नाही. पहिली वीस वर्षांपासून आहे आणि दुसरी विचारताना घाबरली, एवढंच. या मायेला हात लावू नका, फक्त तिची किमान पातळी कागदावर आणा: किती महिने काम झाल्यावर उचल मागता येते, जास्तीत जास्त किती, हप्ता किती, उत्तर किती दिवसांत. त्यावर मालकांना स्वखुशीने अधिक द्यायचं असेल तर कोण अडवतंय?

तुमच्या नियमावलीत "कर्मचाऱ्याने अमुक करावे, तमुक करू नये" अशी वाक्यं किती आहेत ते मोजा आणि "कंपनी अमुक दिवशी अमुक करेल" अशी किती आहेत तेही मोजा. दुसरी संख्या फार लहान निघेल. माझं मत विचाराल तर कारखान्याच्या धोरणाने आधी मालकाला आणि मास्तरांना बांधायचं असतं. कामगार तर तसाही बांधलेलाच असतो, पगाराच्या तारखेने. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत होईल. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळेल आणि त्याचा हिशेब पगाराच्या चिठ्ठीवर वेगळा दिसेल. काम सोडलेल्याचा पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत होईल. रजेच्या अर्जाला दुसऱ्या दिवशी हो की नाही ते कळेल. यातल्या पहिल्या तीन गोष्टी कायद्यानेच घातलेल्या आहेत. चौथी तुमच्या मालकांनी स्वतःहून द्यायची. अशी वाक्यं नियमावलीच्या सुरुवातीला आली की लेट मार्कचं वाक्य वाचताना कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही.

मास्तरांना मात्र शत्रू समजू नका. ते हसतात, कारण तुमच्या कागदात त्यांचं काम दिसत नाही. आजवर रजा कोण देत होतं? तेच. कुणाला काज-बटणावरून हलवून पॅकिंगला बसवायचं, कुणाच्या घरी काय चाललंय, कोण कुणाशेजारी बसली की काम होत नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे. एक वही घ्या आणि महिनाभर रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्यांच्याशेजारी बसून त्या दिवशी त्यांनी तोंडी दिलेले निर्णय उतरवून घ्या. कुणाला सोडलं, कुणाला नाही आणि का. महिन्याअखेर तुमच्या हातात कारखान्याचे खरे नियम येतील, जे आजही चालू आहेत आणि सगळ्यांना पाठ आहेत. त्यातले बरेचसे चांगले निघतील, ते तसेच लिहा. काही उघड पक्षपाती निघतील. ते मास्तरांना दाखवा, एकट्याला, मालकांसमोर नको. त्यांनाही दोन्हीकडून शिव्या खायचा कंटाळा आलेला असतो. "नियमात नाही हो अक्का, माझ्या हातात असतं तर दिलं असतं," असं म्हणता येणं ही मास्तरांची फार मोठी सोय आहे. एक दिवसाची रजा त्यांच्या हातात ठेवा, त्यापुढची तुमच्याकडे येऊ द्या.

भाषेचं तर बोलायलाच हवं. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे लेखी नियम, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावेत, असं १९४६ च्या कायद्यात लिहिलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी आपण इंग्रजी कागदावर सह्या घेतो. तुमच्या लाइनीवर मराठी आहे, शहराच्या पूर्वभागातली तेलुगू आहे, अक्कलकोटकडची कन्नड आहे, थोडी उर्दू-हिंदी आहे. चार भाषांत छापायची गरज नाही. सोप्या मराठीत आठ-दहा पानं लिहा आणि जेवणाच्या सुट्टीनंतर रोज एक पान मोठ्याने वाचा. लाइनीतल्याच कुणाला तरी तेलुगू आणि कन्नडमध्ये सांगायला लावा. मी एका टॉवेल कारखान्यात असं वाचन ऐकलं आहे. "रजेसाठी तीन दिवस आधी अर्ज करावा" हे वाक्य आल्यावर मागून आवाज आला, "ताप काय आधी चिठ्ठी पाठवून येतो का?" सगळे हसले, आणि आजारपणाची रजा त्याच दुपारी वेगळी लिहिली गेली. सल्लागाराला फी देऊन ही दुरुस्ती मिळाली नसती.

सुट्ट्यांची यादीही पुण्याहून आणू नका. जानेवारीत गड्ड्याची जत्रा आणि सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा आहे, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ आहे, दोन्ही ईद आहेत, आषाढी आहे. सगळ्या देता येणार नाहीत. सरकारी सुट्ट्या वगळून उरलेल्या कोणत्या हव्यात, यावर हात वर करून मत घ्या. त्या दिवशी तसंही अर्धं मस्टर रिकामं असतं.

इथवर जे सांगितलं त्याला दोन-तीन महिने लागले तरी चालतील. पत्राच्या शेवटच्या दोन ओळींना मात्र तेवढा वेळ नाही.

पाचवा महिना लागलेल्या त्या बाईंना आजच कळवा की त्यांची नोकरी शाबूत आहे. मालकांना बहुतेक वाटत असेल की २६ आठवड्यांचा पगार त्यांच्या खिशातून जाणार. पगार २१,००० रुपयांच्या आत असेल आणि ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, वर्गणी नीट भरली जात असेल, तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे ते विमा महामंडळ, ईएसआयसी, देते. आधीच्या सलग दोन (सहा-सहा महिन्यांच्या) वर्गणी कालावधींत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी हवी. मालकांचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मालक दर महिन्याला पैसे भरतात, तिचा लाभ घ्यायच्या वेळी ते त्या बाईला हाकलतायत. हे त्यांना शांतपणे, चलन समोर ठेवून सांगा. आणि वर्गणी भरलीच जात नाही असं निघालं, तर तुमच्या कारखान्यापुढचा खरा प्रश्न पॉलिसीचा नाही आणि तो आधी सोडवावा लागेल. बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईला कामावरून काढणं बेकायदा आहे, तेही त्याच बैठकीत बोलून घ्या.

दुसरी ओळ समितीची. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवीच, नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. अध्यक्ष त्या ठिकाणी काम करणारी वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य बाहेरची हवी, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली. मालकांच्या पत्नी रोज कारखान्यात येऊन कामच करत नसतील तर त्यांची नेमणूक टिकणार नाही. करत असल्या तरी विचार करा: पुतण्याविरुद्ध तक्रार असेल तर ती कोण घेऊन जाईल त्यांच्याकडे? "आपल्याकडे असलं होत नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. त्यावर वाद न घालता नावं आणि फोन नंबर बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, जिथे वाचताना कुणी बघत नाही. तक्रार तीन महिन्यांत करायची असते आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, तेही तिथेच लिहा.

श्रमसंहितांबद्दल, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण पुण्याहून उचललेला मजकूर जुना आहे म्हणून सांगते. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र आता प्रत्येकाला द्यायचं आहे. भरपगारी रजेसाठी वर्षात २४० ऐवजी १८० दिवस काम पुरतं आणि दर २० दिवसांमागे एक रजा मिळते. वीस किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती लागते, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान. राज्याचे नियम कुठवर आले आहेत ते तुमच्या सल्लागाराकडून तपासून घ्या. ही समिती आली की तुमचं निम्मं ओझं हलकं होईल, कारण पुढचा लेट मार्क तुम्ही एकट्याने ठरवणार नाही.

ऑडिटची भीती मालकांना वाटते तशी मोठी नाही, पण ती वेगळ्या जागी आहे. असे ऑडिटर फाईल बघतात आणि मग कामगारांना बाजूला घेऊन विचारतात, मालक आणि एचआर दोघांनाही बाहेर बसवून. "तुमची रजा कोण देतं?" या साध्या प्रश्नाला फाईलमध्ये एक उत्तर आणि लाइनीवर दुसरं मिळालं, की ६४ पानं उलट तुमच्याच विरोधात जातात. आठ पानं असतील पण सगळ्यांचं उत्तर एक असेल, तर ती चालतात. मालकांना हा मुद्दा पटेल, कारण त्यात ऑर्डर आहे.

पुण्याला जावं का? त्याचं उत्तर मालकांकडून मिळवा. नव्या नियमावलीचा मसुदा घेऊन जा आणि एकच मागा: हजेरीचा नियम कार्यालयातल्या प्रत्येकाला, नातेवाईकांसकट, लागू राहील. पुतण्या खरेदीदारांना भेटायला बाहेर असतो म्हणून उशिरा येतो, असं असेल तर ते लिहा: "विक्रीचं काम करणाऱ्यांची वेळ अमुक." कारण खरं असेल तर लिहिता येतं. मालक "बघू" म्हणाले तर महिनाभर थांबा. सरळ "नाही" म्हणाले तर तुम्ही तिथे फाईल सांभाळायला आहात हे कळून घ्या आणि नोकरी शोधायला लागा. त्यासाठी पुण्यालाच जायला हवं असं नाही, चिंचोळी एमआयडीसीतही माणसं लागतात. आणि ही बैठक एप्रिल-मेमध्ये घेऊ नका. शाळांच्या ऑर्डरी अंगावर आलेल्या असताना गणवेशवाला कुणाचंच ऐकत नाही. जून सरू द्या.

हे सदर वाचणाऱ्या आणखी काहींसाठी: तुमच्या दुकानात, दवाखान्यात किंवा क्लासमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समितीची सक्ती नाही, पण छळाची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर माणसं कितीही असोत, जायचं तिकडेच. नियमावलीही तुम्हाला एका पानाची पुरते: पगाराची तारीख, सुट्ट्या, आजारपणाची रजा, उचल, आणि काम सोडताना दोन्ही बाजूंनी किती दिवस आधी सांगायचं. ते पान गल्ल्यामागे लावा आणि खाली पहिली सही मालकाने करावी.